आयता खाओ-चॅ

प्रयोंगबाईंनी संसारात नवऱ्याकडे मागितलेल्या गोष्टी एका हाताच्या बोटांवर मोजता आल्या असत्या, आणि त्यातली एकही विरोतरावांनी दिली नव्हती. हे त्यांच्या लक्षात आलं ते निवृत्त झाल्यावर. जमिनीच्या कचेरीत होते तोवर लोक रोज त्यांच्याकडे काहीतरी मागत आणि ते रोज नकार देत. त्या गर्दीत बायकोच्या मागण्या वेगळ्या अशा दिसल्याच नाहीत.

मार्च संपत आला होता. सोंगक्रानला, म्हणजे थाई नववर्षाला, दोनच आठवडे उरले होते. प्रयोंगबाईंनी माळ्यावरून मातीचा मोठा डेरा काढला, त्याच्याकडे बराच वेळ बघितलं आणि पुन्हा वर ठेवून दिला.

"यंदा मला खाओ-चॅ खायचाय," त्या म्हणाल्या.

"मग कर की," विरोतराव पेपरातून म्हणाले.

"करायचा नाहीये. खायचाय. दुसऱ्या कुणीतरी केलेला, दुसऱ्या कुणीतरी वाढलेला. मी नुसती बसणार, समोर समुद्र असणार आणि माझ्यापुढे कुणीतरी वाडगा आणून ठेवणार. एकेचाळीस वर्षं करतेय अहो. तुम्हा सगळ्यांचं तळून वाढून होईपर्यंत बर्फ विरघळतो. थंड भात थंड असताना मी कधी खाल्लेलाच नाही."

विरोतरावांनी पेपर खाली ठेवला. सहा महिने घरी बसून त्यांना एकही प्रकरण हाताळायला मिळालं नव्हतं. आता आयतं चालून आलं.

"ठरलं. छा-आमला जायचं. समुद्रकाठच्या हॉटेलात. यंदा आपली चूल बंद," त्यांनी हुकूम सोडला.

फेचबुरीच्या माणसाला खाओ-चॅ काय हे सांगायची गरज नसते, पण विरोतराव तो कसा खात हे मात्र सांगायलाच हवं. मोगऱ्याच्या फुलांनी आणि सुगंधी मेणबत्तीच्या धुराने वासावलेलं पाणी, त्यात सात वेळा धुतलेला मोकळा भात, वर बर्फ. सोबत जवळ्याच्या आंबवलेल्या लगद्याचे तळलेले गोळे, गोड मासा आणि गोड मुळा. यातला एक घास आधी तोंडात घ्यायचा आणि मग त्यावर चमचाभर भात-पाणी. तोंडीलावणं वाडग्यात टाकायचं नाही, पाणी शेवटपर्यंत नितळ राहिलं पाहिजे. शेंबडं पोरही हे जाणतं. विरोतराव मात्र सगळं एकदम वाडग्यात ओतत आणि कालवत. प्रयोंगबाई दर वर्षी म्हणत, "पाणी गढूळ करू नका हो," आणि विरोतराव दर वर्षी उत्तर देत, "पोटात गेल्यावर एकच होणार आहे." शिवाय प्रयोंगबाई प्रत्येक गोळ्याच्या पोटात हिरव्या मिरीचा एक दाणा घालत. त्यांची आई मोन जमातीची, तिची ही पद्धत. साऱ्या फेचबुरीत दुसरं कुणी असं करत नसे. तो दाणा दातात अडकतो अशी विरोतरावांची तक्रारही वार्षिकच होती.

छा-आमच्या किनाऱ्यावर 'तीन कासवं' नावाचं हॉटेल होतं. विरोतरावांनी तिथे फोन लावला. पलीकडून एक तरुण आवाज म्हणाला, की सोंगक्रानमध्ये खाओ-चॅ आगाऊ मागणीवरच मिळतो आणि मागणी किमान दहा वाडग्यांची हवी.

"आम्ही दोघंच आहोत," विरोतराव म्हणाले.

"मग आणखी आठ जण शोधा ना काका," आवाज म्हणाला आणि फोन बंद झाला.

तीस वर्षं ज्याच्या खोलीबाहेर लोक चपला काढून उभे राहिले त्या माणसाला एका पोराने 'शोधा ना काका' म्हणावं, हे विरोतरावांना फार लागलं. ते अंगणात येऊन उभे राहिले. कुंपणापलीकडे लमियतबाई कपडे वाळत घालत होत्या. घालत होत्या म्हणजे, एकच टॉवेल त्यांनी फोन चालू असेपर्यंत तीनदा झटकला होता.

"तीन कासवं का? अहो भाऊ, आधी मला नाही का विचारायचं! तिथे माझी ओळख आहे," त्या म्हणाल्या. "आणि तिथले गोळे म्हणजे काय सांगू तुम्हाला! एक म्हातारी बाई करून पाठवते. पूर्वी राजवाड्याच्या मुदपाकखान्यात होती म्हणे. चेहरा दाखवत नाही कुणाला. प्रयोंगताईंना एकदा खायला घालाच. तुमच्यात मला धरा, मी सगळं बघते."

झाले तीन. उरलेले सात जण थोरल्या भावाच्या घरात तयारच होते. तविनभाऊ, त्यांची बायको, दोन मुलगे, दोन सुना आणि एक नातू. तविनभाऊंना फुकट जेवणाचं आमंत्रण पुरं करावं लागत नाही. तारीख ऐकल्याबरोबर ते 'किती वाजता' एवढंच विचारतात.

आता गंमत अशी, की दहाचा आकडा विरोतरावांनी लमियतबाईंना सकाळी सांगितला, आणि संध्याकाळी लमियतबाई प्रयोंगबाईंच्या स्वयंपाकघरात येऊन बसल्या.

"ताई, देवळातून निरोप आलाय. भिक्षूंसाठी दर वर्षीचे गोळे पाठवायचेत ना? यंदा पन्नास जास्त लागतील म्हणे. बाहेरगावचे भिक्षू येणारेत."

"यंदा चूल बंद आहे," विरोतराव बाहेरून ओरडले.

"अहो, पुण्याच्या कामाला बंद कसली?" लमियतबाईंनी गालावर हात ठेवला. "ताईंच्या हातचे गोळे गेले नाहीत तर थोरले भिक्षू काय म्हणतील?"

देवाधर्माचं नाव निघालं की प्रयोंगबाईंच्या तोंडून 'नाही' निघत नसे. गेली बारा वर्षं त्यांचे गोळे, मासा आणि मुळा लमियतबाईंच्या स्कूटरवरून देवळात जात होते. त्या स्वतः कधी पोचवायला गेल्या नाहीत, कारण सोंगक्रानच्या दिवसांत त्यांना तव्यापासून हलायला वेळच नसे. त्यांनी खल धुवायला घेतला.

इकडे विरोतरावांचं प्रकरण पुढच्या टेबलावर सरकलं होतं. समुद्राकडे तोंड करून बसायच्या खुर्च्या मोजक्याच. त्या ज्येष्ठांसाठी राखीव, पण त्यासाठी ओळखपत्राची प्रत हवी. विरोतराव बसने तासभर प्रवास करून छा-आमला गेले. व्यवस्थापक पंचविशीचा होता. त्याचं टोपणनाव बँक. त्याने प्रत हातात घेतली, उलटीसुलटी केली आणि परत दिली.

"काका, 'मूळ प्रतीबरहुकूम खरी' असं लिहून सही नाही केलीत."

"मग आता करतो."

"खुर्चीवर कोण बसणार?"

"माझी बायको."

"मग सही त्यांची हवी ना."

विरोतराव परत आले. प्रयोंगबाईंचे हात जवळ्याने माखलेले होते. त्यांनी ते धुतले, सही केली आणि पुन्हा कुटायला बसल्या. दुसऱ्या दिवशी विरोतराव पुन्हा छा-आमला.

"काका, ही काळी शाई आहे. निळी लागते. काळीत असली की खरी सही कुठली आणि छापलेली कुठली, कळत नाही."

हे वाक्य विरोतरावांनी आयुष्यात किमान दहा हजार लोकांना ऐकवलं होतं. शब्द न् शब्द तोच होता. भर उन्हात चाळीस मैलांवरून आलेल्या म्हाताऱ्यांना त्यांनी याच सुरात परत पाठवलं होतं आणि त्यांच्या तोंडावर जो भाव यायचा, तो आता स्वतःच्या तोंडावर आला आहे हे त्यांना समोरच्या माशांच्या पेटीच्या काचेत स्पष्ट दिसलं. पेटीतला मासाही त्यांच्याकडेच बघत होता. ते बसच्या थांब्याकडे चालू लागले.

तिसऱ्या खेपेला अर्ज मंजूर झाला. समुद्राकडची एक खुर्ची, श्रीमती प्रयोंग यांच्या नावे. तो कागद विरोतरावांनी प्लॅस्टिकच्या पाकिटात घातला.

गल्लीच्या तोंडाशी निवृत्त हवालदार सनान खुर्ची टाकून बसलेले असत. त्यांनी कागद बघितला. "तेराला, सोंगक्रानच्या पहिल्याच दिवशी, जाऊ नका. रस्त्यात पाणी मारून लोळवतील. पंधराला जा, तेव्हा पोरं दमलेली असतात. आणि एवढं लांब जाताय तर सोबत एखादा पोलीस खात्यातला माणूस असलेला बरा." असा माणूस गल्लीत एकच होता. तविनभाऊंच्या थोरल्या मुलाची सासूही माहेरपणाला आल्यासारखी त्याच आठवड्यात येऊन टपकली. झाले बारा. विरोतरावांनी लमियतबाईंना नवा आकडा कळवला.

त्या संध्याकाळी देवळातून पुन्हा निरोप आला. आणखी दहा गोळे.

"हे भिक्षू यंदा फारच हादडतायत," विरोतराव म्हणाले.

"पापी जीभ तुमची," लमियतबाई म्हणाल्या.

तीन दिवस घरात तळणाचा वास कोंडला होता. विरोतराव नाकाला रुमाल लावून फिरत आणि बायकोला बोलत. "तुला आराम मिळावा म्हणून मी तीनदा छा-आमला खेटे घालतोय, तू इथे भट्टी लावून बसलीस! पाहुणी म्हणून जायचंय तुला. हातांची काय दशा केलीस बघ."

"मिरी संपत आलीय. तेवढी आणा," प्रयोंगबाई म्हणाल्या. त्यांच्या कमरेला औषधी पट्टी होती आणि मनगटावर तेल उडून दोन फोड आले होते.

विरोतरावांनी मिरी आणली. डबे भरले गेल्यावर झाकणांवर चिठ्ठ्याही त्यांनीच चिकटवल्या, कारण देवळात गेलेले डबे परत येत नाहीत हा अनुभव होता. कचेरीतल्या वळणदार अक्षरात, निळ्या शाईत लिहिलं: 'श्री. विरोत यांची मालमत्ता. वापर होताच त्वरित परत करणे.' खाली सही. आणि डबे लमियतबाईंच्या स्कूटरला दोरीने बांधून द्यायलाही तेच गेले. दोनदा ओढून गाठ पक्की आहे ना, हेही बघितलं.

पंधरा तारखेला पोरं दमलेली नव्हती. हवालदारांचा सल्ला मानून सगळ्या फेचबुरीने आपापली पोरं तेरा-चौदाला राखून ठेवली असावीत. भाड्याच्या उघड्या गाडीत बारा जण बसले होते. था-यांगच्या बाजारापाशी बर्फाच्या पाण्याचं पहिलं पिंप त्यांच्यावर उपडं झालं. पुढच्या चौकात कुणीतरी विरोतरावांच्या दोन्ही गालांना पांढरी माती फासून नववर्षाच्या शुभेच्छा दिल्या. हवालदारांनी 'मी पोलीस आहे' असं ओरडून सांगितलं, त्यामुळे त्यांना दोन बादल्या जास्त मिळाल्या. प्रयोंगबाईंनी लग्नानंतर चारदाच नेसलेलं रेशमी वस्त्र नेसलं होतं. ते पार भिजलं आणि त्याचा जांभळा रंग उतरून पोटऱ्यांवर ओघळला. त्या मात्र हसत होत्या. "जाऊ दे हो. आज कुठे काय करायचंय मला? बसायचंच तर आहे."

ते ऐकून विरोतरावांना आपण मोठं काम केल्यासारखं वाटलं.

'तीन कासवं'मध्ये टेबल छान होतं. समुद्र भरतीला होता. विरोतरावांनी पाकिटातून कागद काढला, बँकला दाखवला, बँकने खुर्ची दाखवली, आणि त्या खुर्चीवर तविनभाऊ बसले.

"वा, वारा काय सुटलाय!" तविनभाऊ म्हणाले.

विरोतरावांनी कागद पुढे केला. मग मागे घेतला. थोरला भाऊ. त्याला ऊठ म्हणायचं, तेही सोंगक्रानमध्ये, तेही सुनांसमोर! तीनदा प्रवास, दोन शाया, दोन सह्या, सगळं घडी घालून पुन्हा प्लॅस्टिकच्या पाकिटात गेलं.

"राहू दे," प्रयोंगबाई हळूच म्हणाल्या आणि त्या समोरच्या खुर्चीवर बसल्या. तिथून स्वयंपाकघराचं दार दिसत होतं.

वाडगे आले. बर्फ होता. मोगरा तरंगत होता. प्रयोंगबाईंपुढे वाडगा एका मुलीने दोन्ही हातांनी ठेवला, तेव्हा त्यांनी तो जरा आपल्याकडे ओढून घेतला आणि वाडग्याच्या गार कडेवर दोन्ही तळवे टेकवले. बराच वेळ त्या तशाच बसल्या. मग त्यांनी एक गोळा उचलला, अर्धा तोडला आणि चावला.

आणि थांबल्या.

विरोतरावांचं लक्ष नव्हतं. त्यांनी नेहमीप्रमाणे गोळे, मासा, मुळा सगळं वाडग्यात उपडं करून कालवायला घेतलं होतं. पलीकडून तविनभाऊंचा आवाज आला.

"अरे, आत मिरी आहे! हिरवी मिरी! बघा, याला म्हणतात राजवाड्याचं डोकं. साध्या माणसाला सुचेल का हे?"

थोरल्या भावाने हे गोळे आयुष्यात किमान तीस सोंगक्रानला हादडले होते, दर वेळी डबा भरून घरीही नेले होते. विरोतरावांचा चमचा थांबला. त्यांनी वाडग्यातला एक गोळा तोंडात घातला. दाणा कडकन फुटला आणि ठरलेल्या दातात, ठरलेल्या जागी जाऊन अडकला.

ते उठले. 'हात धुऊन येतो' म्हणून थेट स्वयंपाकघराच्या दाराशी गेले. आत फळीवर पाच डबे ओळीने ठेवलेले होते. झाकणांवर निळी शाई अजून ओली असावी इतकी ताजी दिसत होती. श्री. विरोत यांची मालमत्ता. सहीसुद्धा झकास आली होती.

सगळा हिशेब त्यांना तिथेच उभ्या उभ्या लागला. दहा वाडगे, पन्नास गोळे. बारा वाडगे, आणखी दहा. बाहेरगावचे भिक्षू कोण, तर आपणच. बायकोला आराम म्हणून आपण जेवण मागवलं आणि ते बायकोनेच रांधलं. बरं, मिरी आपण आणून दिली. गाठसुद्धा आपणच ओढली.

विरोतराव टेबलाकडे परतले ते आज लमियतबाईंची सालं काढायचीच असं ठरवून. बारा वर्षांचं देऊळ, राजवाड्यातली म्हातारी, सगळं चव्हाट्यावर आणायचं. तोंड उघडलंही होतं. तेवढ्यात तविनभाऊ प्रयोंगबाईंना म्हणाले, "प्रयोंग, राग मानू नकोस, पण असे गोळे तुला कधी जमले नाहीत. तुझे जरा गावठीच. इथे कुणाला तरी विचारून घे कृती."

"हो ना ताई," लमियतबाई घाईघाईने म्हणाल्या. "कसे वाटले तुम्हाला?"

प्रयोंगबाईंनी तोंड पुसलं.

"मीठ जरा जास्त पडलंय," त्या म्हणाल्या. "तिसऱ्या दिवशी कंबर फार दुखत होती. हात चुकला."

लमियतबाईंना जो ठसका लागला तो हवालदारांनी पाठीवर चार बुक्के घातले तरी थांबेना.

"कुणाची कंबर?" तविनभाऊंनी विचारलं, पण उत्तराची वाट बघायची त्यांना सवय नव्हती. "मीठ अगदी बरोबर आहे. दुसऱ्याने केलेल्याला नावं ठेवणं सोपं असतं. स्वतः करून बघ एकदा असं, मग बोल."

विरोतरावांचं तोंड अजून उघडंच होतं. सुना बघत होत्या. नववर्षाच्या दिवशी भांडण केलं की वर्ष भांडणात जातं. थोरला भाऊ जेवताना त्याला खोटं पाडायचं नसतं. आपण दिलेल्या मेजवानीची आपणच शोभा करायची नसते. नकार द्यायला कारणं शोधायची तीस वर्षांची सवय अशा वेळी फार कामाला येते. ते खाली बसले. स्वतःची इतकी किळस त्यांना आयुष्यात कधी वाटली नव्हती.

प्रयोंगबाईंचे हात टेबलावर होते. मनगटावरचे फोड फुटले होते. बोटांना धुऊनही जाणार नाही असा जवळ्याचा वास असणार, हे विरोतरावांना न हुंगताही माहीत होतं. सोंगक्रानला धाकटी माणसं थोरल्यांच्या हातांवर मोगऱ्याचं पाणी घालतात आणि वर्षभर काही चुकलंमाकलं असेल त्याची क्षमा मागतात. नवरा बायकोच्या हातांवर घालत नाही. अशी पद्धत नाही. पण विरोतरावांना वाटलं, आज घालावं. भावासमोर, हवालदारासमोर, त्या लमियतसमोर घालावं. बोलायला जमलं नाही तर निदान एवढं तरी करावं. मोगऱ्याचं पाणी तर पुढ्यातच होतं.

त्यांनी दोन्ही हातांनी आपला वाडगा उचलला.

पाणी गढूळ झालं होतं. वर तेलाचे डोळे तरंगत होते, माशाचे धागे फिरत होते, फुटलेल्या गोळ्याची तपकिरी माती तळाशी बसली होती. मोगऱ्याची पाकळी त्यात चिकटून काळी पडली होती. असलं पाणी कुणाच्या हातांवर घालतात होय?

"काय करताय?" प्रयोंगबाईंनी विचारलं.

"काही नाही."

प्रयोंगबाईंनी त्यांच्या वाडग्यात एकदा डोकावून बघितलं. मग स्वतःचा वाडगा बाजूला सारला. त्यातलं पाणी नितळ होतं आणि बर्फ विरघळून गेला होता.

"मग खा," त्या म्हणाल्या. "टाकू नका. तीन दिवस खपून केलंय मी."

विरोतरावांनी वाडगा खाली ठेवला आणि शेवटच्या शितापर्यंत सगळं खाल्लं. मीठ मुळीच जास्त नव्हतं.